तुझ्या घोट्यावरून

प्रिय विलास,

जयभीम.

मेलेल्या माणसाला पत्र लिहू नये, असं मी कितीतरी सभांमधून बोलले आहे. जिवंतपणी चार शब्द बोलायचे नाहीत आणि गेल्यावर फोटोपुढे बोलत बसायचं, हा दांभिकपणा आहे, असं टेबलावर हात आपटून सांगत आले. तरी आज लिहायला बसले. कारण भांडण अर्धवट राहिलं की मला अन्न गोड लागत नाही, हे तुला पक्कं ठाऊक आहे. आणि माझं तुझ्याशी भांडण आहे, तुझ्या डाव्या घोट्यावरून.

हसू नकोस. नीट ऐक.

तुझा पहिला स्मृतिदिन झाला. घरी पुण्यानुमोदन झालं, भन्तेजी येऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या शिष्यांनी तुझ्या त्या जाळीच्या मैदानावर गोल्फची स्पर्धा ठेवली. मी रेवसहून तरीने करंजाला उतरले आणि रिक्षा करून आले. मिठागर बुजवून केलेली ती जागा, बांबूला बांधलेल्या निळ्या जाळ्या, पलीकडे कंटेनरची रास. तू असताना मी तिथे किती वेळा आले? दोनदा? आणि दोन्ही वेळा भांडून गेले. "शेतकऱ्याला पाणी नाही आणि तुमच्या हिरवळीला आहे! साहेबांचा खेळ हा!" असं मी म्हणायचे, आणि तू टोपी मागे सारून म्हणायचास, "ताई, मैदानाशी भांड, खेळाशी नको. माझ्याकडे तर हिरवळ पण नाही, चटई आहे."

त्या दिवशी दारातच तुझा मोठा फलक लावला होता. हातातली गोल्फची काठी, तो क्लब, खांद्यावरून मागे गेलेला, आणि डावा पाय जमिनीवरून उचलून पुढे पडतोय. खाली अक्षरं होती, 'पुढचं पाऊल'. एका पुढाऱ्याने भाषण ठोकलं, "विलास सरांनी काय शिकवलं? मारून थांबायचं नाही! पुढे चालायचं!" काय टाळ्या पडल्या! वाक्य चांगलं होतं. मला सुचलं नाही याचं थोडं वाईटही वाटलं.

मग खेळ सुरू झाला आणि मी खुर्चीतून पुढे सरकून बघायला लागले.

पहिला मुलगा आला. डाव्या पायाचा चवडा बदकासारखा बाहेर वळवला. क्लब मागे नेताना डावी टाच वर. चेंडू मारला आणि एक पाऊल पुढे टाकलं. दुसरा आला, तसंच. तिसरे बँकेतले साहेब, पोट एवढं पुढे, त्यांनीही टाच उचलली, पाऊल टाकलं आणि तोंडावर पडता पडता वाचले. दहा वर्षांची एक चिमुरडी, तिचीही टाच वर! अरे, हा खेळ होता की कवायत? मी शेजारच्याला विचारलं, "सगळे असंच मारतात का हो गोल्फमध्ये?" तो अभिमानाने म्हणाला, "नाही मॅडम. हा आमच्या सरांचा स्विंग, त्यांची मारायची ढब."

मला गोल्फमधलं काय कळतं? पण माणसं एकाच्या मागे एक सारखीच वागायला लागली की माझे कान टवकारतात. चाळीस वर्षं मी त्याच्याच विरुद्ध घसा फोडला आहे.

शेवटी प्राची आली.

तुझी लेक आता एकोणीस वर्षांची झाली, विलास. सुनंदासारखी उंच, हात गुडघ्याला लागतील इतके लांब. तिने तुझ्यासारखाच पाय वळवला, तुझ्यासारखीच टाच उचलली, तुझ्यासारखंच पाऊल टाकलं. पहिला चेंडू उजव्या जाळीत गेला. दुसरा डाव्या. तिसऱ्यानंतर तिने कमरेवर हात ठेवला आणि वळून कुणाकडे न बघता बाकावर जाऊन बसली.

घरी आल्यावर सुनंदा म्हणाली, "वन्सं, कंबर धरलीय तिची. डॉक्टर म्हणतात, बदल न्हायतर बंद कर. पुढल्या महिन्यात राज्याच्या संघाची निवड चाचणी हाय, आणि ही रोज मोबाईलवर त्यांचाच व्हिडिओ लावून तेच तेच करते."

मी प्राचीला विचारलं, "तू बदलत का नाहीस?"

"बाबांचा स्विंग आहे तो."

"मग?"

"मग काय? तो जमत नसेल तर मी खेळणारच नाही, आत्या. चाचणीचं नाव मागे घेते. दुसऱ्या कुणासारखं मारायला मला बाबांनी शिकवलंय का?"

तुझं जे काही या जगात उरलंय ते ती टाच आणि ते पाऊल आहे, असं तिला वाटत होतं, आणि ते जपता जपता ती तुझा खेळच सोडायला निघाली होती. मी अर्थातच भाषण सुरू केलं. व्यक्तिपूजा म्हणजे काय, अनुकरण म्हणजे काय, माणूस मोठा का होतो, सगळं. तिने मला मध्येच तोडलं.

"आत्या, तुझ्या शिबिरातली मुलं बोलताना मध्येच चष्मा का काढतात ठाऊक आहे? कारण तू काढतेस."

"मी घामाने घसरतो म्हणून काढते!" मी ओरडले.

"हो ना? पण त्यांचे नाही घसरत. काही जणांना तर चष्माच नाही, ते नुसते नाकाला हात लावतात."

सुनंदा पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले. पण हसता हसता थांबले. माझा चष्मा घामाने घसरतो. मग तुझं काय घसरत होतं? तू पाऊल का टाकायचास, विलास? तुझी टाच का उठायची? सगळ्यांनी कसं ते पाहिलं होतं, का ते कुणीच विचारलं नव्हतं. मी तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी इक्बालला मैदानावर बोलावलं. ट्रेलरवाला, पोट सुटलेला इक्बाल, तुझा पहिला शिष्य आणि तुझ्या चहाचा कायमचा भागीदार. तो स्पर्धेला आलाच नव्हता. म्हटलं, का रे? तर म्हणाला, "ताई, तो तमाशा बघवत न्हाय मला."

"मार बरं एक, मला बघू दे."

त्याने मारला. काय सांगू तुला, तुला तर माहीतच आहे! उजवा पाय चांगला मागे घेतलेला, क्लब छातीच्या वर जेमतेम, कंबर जागची हललीच नाही, सगळं काम हातांचं. दिसायला अगदी बेढब. चेंडू मात्र सरळ समोरच्या जाळीत, मधोमध.

"तू पाऊल का नाही टाकलंस?"

इक्बाल मांडीवर थाप मारून हसला. "पाऊल? या अल्ला! ताई, त्याचा घोटा दुखायचा! मारल्यावर सगळं वजन डाव्या पायावर येतं. त्याचा घोटा वळायचाच न्हाय, तर तिथं उभा कसा ऱ्हायल? म्हणून पाय उचलून टाकायचा पुढं. मी एकदा टाकलं तसं पाऊल, तर क्लबच्या टोकाने पोटरीवर टोचलं मला. म्हणतो, 'इक्बाल, माझं लंगडणं कशाला चोरतोस? तू तुझं पोट सांभाळ!'"

मी खालीच बसले, त्या चटईवर.

न्हावा शेव्याच्या यार्डात कंटेनर बांधताना तू शिडीवरून पडलास, हे मला माहीत होतं. प्लास्टर निघाल्यावर पाय पूर्वीसारखा राहिला नाही, म्हणून तुला हलकं काम दिलं, साहेबलोकांच्या मैदानावर क्लबांच्या खोलीत, तिथेच तू हा खेळ शिकलास, हेही माहीत होतं. पण पुढे घोटा बरा झाला असं तूच सांगितलं होतंस ना? तू चांगले बूट घालायचास आणि ताठ चालायचास. आम्ही विश्वास ठेवला. वीस वर्षं एका अवघडलेल्या सांध्यावर तू उभा राहिलास आणि त्याच्याभोवती सगळं अंग नव्याने बसवलंस. चवडा बाहेर, कारण आत वळत नव्हता. टाच वर, कारण त्याशिवाय अंग फिरत नव्हतं. पाऊल पुढे, कारण जागेवर सोसवत नव्हतं. आणि त्याचा फलक झाला, घोषवाक्य झालं!

मी इक्बालला विचारलं, मग तो शिकवायचा तरी काय? प्रत्येकाचं वेगळंच असेल तर शिकवण्यासारखं उरतं काय? हा प्रश्न मला खरंच पडला होता, आणि अजूनही मी तो उलटसुलट करून बघते आहे.

इक्बाल म्हणाला, "तो म्हणायचा, चेंडूला काय कळत न्हाय तू कोण, तुझा बाप कोण, तू जाडा का बारीक. त्याला एवढंच कळतं, लागायच्या वेळी क्लबचं तोंड कुठं बघतंय आणि क्लब कुठून कुठं चाललाय. तेवढं सगळ्यांना एक. त्यात माफी न्हाय. बाकी ज्याचं त्याने आपल्या हाडांना विचारायचं."

विलास! हे तू मला का नाही सांगितलंस? समता म्हणजे सगळ्यांना एकाच नंबरची चप्पल नव्हे, हे माझं टाळ्यांचं वाक्य आहे, गावोगाव बोलले. आणि तू तेच रोज चटईवर करत होतास. कसोटी सगळ्यांना एक, तिथपर्यंत जायची वाट ज्याची त्याची. आपण दोघं आयुष्यभर एकाच गोष्टीवरून भांडलो की काय?

इक्बालने आणखी एक सांगितलं. नवा माणूस आला की तू त्याला क्लब द्यायचाच नाहीस. आधी त्याला त्याचं रोजचं काम करायला लावायचास आणि बाजूला उकिडवा बसून बघायचास. इक्बालला तू बादली दिली होतीस, ट्रेलरच्या चाकावर पाणी फेकायला. शाळेतल्या त्या बाईंचा खांदा आखडलेला, त्यांना फळा पुसायला लावलास, आणि त्यांचा हात जिथे थांबला तिथेच त्यांचा क्लबही थांबवलास. काम करताना अंग खोटं बोलत नाही, असं म्हणायचास म्हणे.

"मग प्राचीला काय दिलं होतं?" मी विचारलं.

इक्बालने मान खाली घातली. "ते भाभीला विचारा, ताई."

सुनंदा चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. मी विचारलं तर तिचा हात तसाच परातीत राहिला. प्राची दारात उभी होती, कंबरेला पट्टा बांधून.

"खराटा दिलता," सुनंदा म्हणाली. "बांबूच्या दांड्याचा. अकरा वर्सांची होती. रोज सकाळी अंगण झाडायला लावायचे आणि समोर बसून बघायचे. मी एक दिवस हिसकून घेतला आणि मोडून चुलीत घातला. वन्सं, माझ्या आजीने खोताचं अंगण झाडण्यात जन्म काढला. दीक्षा घेतली त्या दिवशी तिने खराटा टाकला तो परत हातात धरला न्हाय. आणि माझा नवरा माझ्या लेकीच्या हातात देतो? मला सांगत होते, अगं व्यायाम हाय, तिचं अंग बघतोय. मी म्हटलं, दुसरं काय बी द्या. खराटा न्हाय."

मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं? तोच चुलीत घातला असता, वर सभाही घेतली असती. तिचं काहीएक चुकलं नाही. झाडू आपल्या हातात कुणी आणि कसा दिला, हे आपण विसरायचं नाही.

पण तू गप्प का बसलास? दुसरं काही का दिलं नाहीस तिला? त्यानंतर पोर नुसती तुझ्या शेजारी उभी राहून तुझी नक्कल करत मोठी झाली. सुनंदा म्हणते, तू सांगायचास, "टाच खाली ठेव." ती म्हणायची, "तुम्ही तर उचलता!" आणि तू हसून विषय सोडायचास. एक वाक्य बोलला असतास, बाळ, माझा घोटा दुखतो म्हणून! पण दुखणं कळलं तर सुनंदा खेळ बंद करेल, ही तुझी भीती असणार. हेच माझं भांडण आहे तुझ्याशी. पोरीने तुझं दुखणं सौंदर्य समजून पाठ केलं, विलास.

त्या दारात उभं राहून मला खूप बोलायचं होतं. शब्द ओठावर आले होते. पण तुझ्यासारखं उकिडवं बसून नुसतं बघावं असं मला का वाटलं, कोण जाणे. मी सुनंदाला एवढंच विचारलं, "तुझी आजी दिसायला कशी होती गं?"

"उंच. माझ्याहून उंच. लांब हात."

"आणि झाडायची कशी?"

सुनंदाने माझ्याकडे रागाने पाहिलं. मला वाटलं, आता ही मला घराबाहेर काढते. मग तिने पिठाचे हात पदराला पुसले, "खराटा न्हाय, नुसत्या हातांनी करून दाखवायची मला," म्हणाली आणि उठली. अंगणात गेली. रिकाम्या हातांनी उभी राहिली. दोन्ही पाय रोवलेले, टाचा जमिनीला चिकटलेल्या, गुडघे जरा सैल. आणि हात फिरवू लागली, उजवीकडून डावीकडे, फार वर नाही, कमरेच्या थोडं वर आणि परत. पाठ शांत. हातांच्या लांबीनेच सगळा फेरा. एवढ्या मोठ्या अंगणाचं काम करून संध्याकाळी कंबर शाबूत ठेवायची, तर दुसरं कसं झाडणार होती ती बाई?

"आई," प्राची म्हणाली, "परत कर."

सुनंदाने परत केलं. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती थांबत नव्हती. प्राची जाऊन तिच्या शेजारी उभी राहिली. पाय रोवले. दोघी मायलेकी रिकामे हात फिरवत होत्या, एका तालात, एकाच लांबीच्या हातांनी. शेजारची कमळाबाई कुंपणावरून म्हणाली, "काय गं, कसला नाच बसवताव? गॅदरिंग हाय का?"

"व्हय," सुनंदा नाक ओढत म्हणाली, "तू पण ये!"

मला तेव्हा दिसलं. ही मुलगी अंगाने तुझी नाहीच रे! तिची हाडं सुनंदाची आहेत, सुनंदाच्या आजीची आहेत. आपण सगळे तिच्यात तुला शोधत होतो आणि तीही स्वतःत तुलाच शोधत होती. तुला एकट्याला ते तेव्हाच दिसलं होतं. म्हणून खराटा दिला होतास ना? सांग ना!

त्या दिवशी प्राचीने क्लब हातात घेतलाच नाही. इक्बालने घेऊ दिला नाही. कमरेचा ठणका बसेपर्यंत तिने रोज सकाळी आईबरोबर नुसते हात फिरवले. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, असं असेल तर हळूहळू चालू कर. मी इथेच राहिले. तीन सभा रद्द केल्या. लोक म्हणाले, ताई आजारी आहेत का? म्हटलं, नाही, गोल्फ बघते आहे. फोनवर जी शांतता पसरली ती तू ऐकायला हवी होतीस.

काल सकाळी ती चटईवर उभी राहिली. डावा पाय जवळजवळ सरळ. टाचा खाली. क्लब खांद्याच्या वर गेलाच नाही. इक्बाल माझ्या कानाशी पुटपुटत होता, "क्लबचं तोंड बघ, तोंड, फक्त तोंड..." तिने मारला. आवाज वेगळाच आला, कोरडा, सुपारी फुटावी तसा. चेंडू समोरच्या जाळीच्या मधोमध गेला. मारून ती तशीच उभी राहिली, डाव्या पायावर, हलली नाही.

दुसरा मारला. तोही तिथेच. तिसरा जरा डावीकडे गेला, तर ती स्वतःशीच म्हणाली, "क्लबचं तोंड डावीकडे मिटलं," आणि चौथा सरळ केला. कुणी काही सांगितलं नाही तिला.

"भाभी," इक्बाल म्हणाला, "ही ढब मी आजवर कुणाची बघितली न्हाय."

सुनंदा म्हणाली, "मी बघितलीय."

आणि मी? स्पर्धेच्या दिवशी प्राचीने क्लब उचलला तेव्हा मला तू दिसला होतास. तुझी टोपी, तुझी मान. पुन्हा तू दिसशील म्हणून तर मी काल बघायला गेले होते. काल ती मारत होती आणि तू दिसला नाहीस. मी शोधलं तरी दिसला नाहीस. जाळीसमोर एक उंच मुलगी उभी होती आणि चेंडू मारत होती, बस. तू खरोखर गेलास हे मला काल कळलं, विलास. आणि तू किती चांगला शिक्षक होतास, तेही त्याच क्षणी.

ती नंतर माझ्याकडे आली. घाबरलेली होती. म्हणाली, "आत्या, बाबांना राग आला असता का गं?"

मी तिला खोटं सांत्वन दिलं नाही. तू नाहीस, तुला राग येत नाही आणि आनंदही होत नाही, हे माझं मत आहे आणि ते मी तुझ्यासाठीही बदलणार नाही. मी म्हटलं, "राग आला असता की नाही ते सोड. कंबर दुखतेय का ते सांग."

"नाही," ती म्हणाली, आणि हसली.

आता तुला वचन देते, आणि मी सभेत दिलेली वचनं विसरले असेन, घरात दिलेली विसरत नाही. चाचणीचं नाव तिने मागे घेतलेलं नाही. मी तिच्याबरोबर जाणार आहे. निवड होईल, न होईल, ते तिचं ती बघेल. पण तिथे बसलेले जाणकार विचारतील, हा कुठला स्विंग, कुणाचा, कुठल्या पुस्तकातला. तुझं नाव माझ्या जिभेवर येईल. ते मी गिळीन. चाळीस वर्षं लांबलचक उत्तरं देत आलेली तुझी बहीण तिथे एकच शब्द बोलेल.

तिचा.

तुझी,
ताई